हार्टचा नसलेला अटॅक

गेल्या वर्षी जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत आमच्या दारव्ह्यात मी हार्ट पेशंट होते. बँकेच्या रांगेत मला खुर्ची मिळायची. शेजारच्या काकू माझ्या हातातली पाण्याची बादली हिसकावून घ्यायच्या. लग्नात पंगतीला बसले की पलीकडून कोणीतरी ओरडायचं, "तिले तर्री नका वाढू व!" मी अठ्ठावीस वर्षांची आहे, तिरंदाज आहे, एका शाळेत मुलांना खेळ शिकवते, आणि माझं हृदय ठणठणीत आहे. तसा कागदच आहे माझ्याकडे.

आजार मात्र खरा होता. त्याचं नाव वेगळं होतं, एवढंच. डॉक्टर मॅडमच्या वेटिंग रूममध्ये बसून बसून मला कळलं की तिथे येणाऱ्या बहुतेकांचा आजार घरी दुसऱ्याच नावाने ओळखला जातो. कोणाची ॲसिडिटी असते, कोणाचा बीपी, कोणाला नजर लागलेली असते. अशा कोणाच्या हातात हे पडलं तर बरं, म्हणून लिहायला बसले. उपदेश करणार नाही. मला तो फार झाला होता.

दोन मिलिमीटर

आधी धनुष्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण आजार तिथूनच आत शिरला.

आमच्या धनुष्याच्या मुठीजवळ पत्र्याची एक बारीक पट्टी असते. तिला क्लिकर म्हणतात. बाण त्या पट्टीखाली सरकवायचा आणि दोरी ओढायची. ओढ पुरी झाली की बाणाचं टोक पट्टीखालून निसटतं, पट्टी 'टक्' करते, आणि त्या आवाजावर बोटं सैल होतात. उभं राहणं, खांदे खाली ठेवणं, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला टेकवणं, पाठीने ओढत राहणं, ही सगळी मेहनत त्या एका टक्पर्यंत पोचण्यासाठी.

मला हे शिकवलं यवतमाळच्या सरांनी. शाळेतून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले, पण मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. त्यांचं एक वाक्य मी नऊ वर्षं ऐकलं. "बाण सोडू नको पोरी, सुटू दे. पिकलं सीताफळ तोडा लागते काय? हात लावला का हातात येते." सोडणं आणि सुटणं यांतला फरक मला तोंडपाठ होता. अंगात मात्र उतरलेला नव्हता, हे त्या जानेवारीच्या आधीच्या पावसाळ्यात कळलं.

त्या पावसाळ्यात मी क्लिकरच्या अलीकडे अडकायला लागले. ओढ जवळजवळ पुरी व्हायची, दोनच मिलिमीटर उरायचे, आणि अंग थिजायचं. डोळ्यासमोर सत्तर मीटरवर पिवळा गोल, दोरी हनुवटीला, आणि मी तिथेच उभी. पुढेही जाता येईना, मागेही. मग मी धनुष्य उतरवायचे, आणि कोणाला कळू नये म्हणून वाऱ्याकडे बघितल्यासारखं करायचे. मैदानावरच्या लहान मुली एकमेकींना सांगत, ताईंचा संयम बघा. कसला संयम नि कसलं काय! सहा बाणांना चार मिनिटं मिळतात, माझे चारच व्हायचे.

मी कोणाला सांगितलं नाही. सरांनाही नाही. मन घट्ट करायचं, की होईल, असं मला वाटत होतं. माझी ख्यातीच तशी होती. स्पर्धेत ही दगड आहे दगड, असं लोक म्हणत, आणि मला ते फार आवडायचं.

ती सकाळ

जानेवारीत यवतमाळला जिल्हा संघाच्या निवडीआधीची सराव चाचणी होती. थंडी चांगली होती, ऊन नुकतं मैदानावर आलं होतं. तिसऱ्या फेरीला मी ओढलं आणि अडकले. या वेळी ठरवलं, उतरवायचं नाही. किती वेळ धरलं ठाऊक नाही. हात थरथरायला लागला, मग छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, श्वास वरच्या वर फिरायला लागला. मी मरतेय, हे मला कळलं. वाटलं नाही, कळलं. धनुष्य हातातून गवतात पडलं. नऊ वर्षांत माझ्या हातून ते कधी पडलं नव्हतं.

सरांनी मला गाडीत घातलं. वाटेत ते सारखे म्हणत होते, "बोलत राह्य, पोरी, बोलत राह्य," आणि मला एवढंच आठवत होतं की माझे दोन बाण राहिले.

दवाखान्यात छातीला वायरी चिकटवल्या, रक्त घेतलं, दंडाला पट्टा बांधला. दुपारपर्यंत आई-बाबा दारव्ह्याहून आले. पडद्यापलीकडच्या खाटेवर मारेगावच्या एक बाई होत्या, सत्तरीच्या. त्यांना खरा, मोठा अटॅक येऊन गेलेला. पडदा सारून त्यांनी विचारलं, "तुलेबी अटॅक?"

"हो, आजी."

"एवढ्याशा वयात? काय खाल्लं व माय तू?" आणि उशीखालून बिस्किटाचा पुडा काढून माझ्याकडे सरकवला. एक दिवस, एक रात्र आम्ही दोघी सोबत होतो. त्यांची सून नळ्या सावरत त्यांचे केस विंचरायची, नंतर माझेही विंचरून द्यायची. त्या दवाखान्यातलं एवढंच मला गोड आठवतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, हसरे. "हार्ट एकदम नॉर्मल आहे. घाबरू नका. हा पॅनिक अटॅक होता. मनाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." आई देवाला हात जोडत होती. आणि मला काय वाटलं असेल? लाज. पडद्यापलीकडे एक म्हातारी खऱ्या दुखण्याशी झुंजत होती आणि मी खोट्या दुखण्याने तिची बिस्किटं खाल्ली होती. निघताना त्यांचा निरोपही न घेता मी बाहेर पडले. ते अजून टोचतं.

बाहेर व्हरांड्यात बाबा फोनवर माझ्या आत्याशी बोलत होते. "हाव, अटॅकच म्हणते डॉक्टर."

एक शब्द गाळला

आमच्याकडे अटॅक म्हटलं की तो एकच. दुसरा असतो हे कोणाच्या गावी नाही. आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून माणसं यायला लागली. सफरचंदं, मोसंब्या, शहाळी. कोणाच्या मेव्हण्याला नागपूरला स्टेंट टाकला त्याची गोष्ट. मी पलंगावर बसून मान हलवत होते.

तिसऱ्या दिवशी आई बाबांना म्हणाली, "अवो, डॉक्टर तं वेगळंच म्हणत होते."

"अटॅक तं म्हटलंच ना त्यायनं?" बाबा म्हणाले. "मी कुठी खोटं सांगितलं?"

बाबा पंचायत समितीत लिपिक होते. तीस वर्षं त्यांनी टिपण्या लिहिल्या. कोणता शब्द गाळला की फाईल पुढे सरकते, हे त्यांना नेमकं ठाऊक. त्यांनी 'पॅनिक' गाळला.

मी चिडले. "बाबा, माझं हार्ट चांगलं आहे. लोकांना सांगा ना खरं."

"मनाचं सांगितलं तं येडी म्हणतीन लोकं. हार्टचं सांगितलं तं निदान फळं आणतेत."

यावर मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि तिथेच ते चुकलं. हसण्यावारी गेलं म्हणून ते तसंच राहिलं. आई बिनतेलाची भाजी करायला लागली, कारण पाहुण्यांसमोर ताट वाढावं लागे. शाळेत मला खुर्चीत बसवून नुसती शिट्टी दिली. मैदानावरच्या मैत्रिणींना कोणी सांगितलं की डॉक्टरांनी तिला धनुष्य बंद केलंय. ग्रुपवर फुलं आली, हात जोडलेले आले, मग हळूहळू काहीच येईना. माझ्या नसलेल्या आजाराची चौकशी सगळा गाव करत होता आणि असलेल्या आजाराची करायला एक माणूस नव्हता. मी खोटं बोलत नव्हते, गप्प होते फक्त. पण एवढी एकटी मी कधीच नव्हते. घर भरलेलं, ट्रेमध्ये चहाचे कप, आणि मधे मी, अंगाला मुंग्या यायची वाट बघत बसलेली.

कारण ते येतच होतं. आंघोळीच्या वेळी, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी. एकदा आलं की मग 'पुन्हा येईल' याचंच भय वाटतं, आणि त्या भयानेच ते येतं. ज्याला येऊन गेलंय त्याला हे सांगावं लागत नाही.

मॅडम

मनाच्या डॉक्टर मॅडम यवतमाळला बसतात. बाबा एसटीने माझ्यासोबत यायचे, पण दवाखान्यात यायचे नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसायचे. पाटीखाली उभं असताना कोणी पाहिलं तर?

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

"टक्ची," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दाखवा बरं कसं ते." मी उठले, रिकाम्या हातांनी उभी राहिले, दोरी ओढल्यासारखा हात हनुवटीला आणला. हातात काही नव्हतं तरी खांदा थरथरायला लागला. मला रडू कोसळलं. नाक पुसत मी म्हणाले, मी तर मनाची फार घट्ट होते हो.

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "किती वर्षं घट्ट धरून ठेवलंय?"

त्यांनी गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांनी बोलायला यायचं ठरवलं. गोळ्यांनी सुरुवातीला तोंड कोरडं पडलं, दिवसभर झोप यायची. मॅडमनी सांगितलेलं एक मात्र मी वहीत लिहून ठेवलं. भीती आली की तिला घालवायला जायचं नाही. ती येईल, दहा-पंधरा मिनिटं थांबेल, जाईल. आपण फक्त तिथे हजर राहायचं, पळायचं नाही. ऐकायला सोपं आहे. करून बघा.

त्या पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर मी सरांना फोन करून सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "पावसाळ्यापासून अडकून राह्यली होती तू. मले दिसत होतं. मले वाटलं, आपणहून सांगशीन. चूक मायी झाली." मग म्हणाले, "धनुष्य कुठी आहे?"

"घरी. पलंगाखाली."

"काढ मंग."

बोरी अरब

पण दारव्ह्यात हार्ट पेशंटने धनुष्य ओढलेलं कोणाला दिसलं असतं तर बाबांची फाईल उघडी पडली असती. म्हणून मार्चमध्ये मला शाळेतून रजा काढायला लावून हवापालटाच्या नावाखाली बोरी अरबला कुसुमआत्याकडे पाठवलं. आत्या बाबांची मोठी बहीण. काका गेल्यापासून कपाशी-सोयाबीनचं सगळं तीच बघते. दिवसभर वावरात असते, माणसापेक्षा बैलांशी जास्त बोलते.

सरांनी मालवाहू ऑटोत मैदानावरचा टाकून दिलेला फोमचा गठ्ठा पाठवला. वर्षानुवर्षं बाण खाऊन त्याच्या बरोबर मध्ये थाळीएवढं भोक पडलेलं. आत्याच्या मोकळ्या गोठ्यात तो भिंतीला लावला. सरांचा हुकूम होता: क्लिकर काढून ठेवायचा. निशाण्याचा कागद लावायचा नाही. पाच पावलांवरून, डोळे मिटून, रोज साठ बाण. नेम धरायचाच नाही.

"मंग कायले मारायचं सर?"

"कायलेच नाही. नुसतं उभं राह्यणं शीक."

नऊ वर्षं खेळलेली राज्यस्तरीय खेळाडू, आणि गोठ्यात डोळे मिटून पाच पावलांवरून बाण मारत होती. विदर्भातला उन्हाळा, म्हणून पहाटे साडेपाचला सुरुवात, आठपर्यंत पत्रे तापायचे. पाय जमिनीत, वजन दोन्ही पावलांवर सारखं. मूठ धनुष्यावर टेकलेली, आवळलेली नाही. खांदा खाली. दोरी आली हनुवटीला, नाकाला. मग हाताचं काम संपलं, आता पाठीचं. पाठीची दोन पाती जवळ येताहेत एवढंच बघायचं. सर म्हणायचे, "मनाले आवरू नको, काम दे. बिनकामाचं मन आणि बिनकामाचा माणूस, दोन्ही गावभर फिरतेत." मी मनाला पाठीचं काम दिलं. ते पळायचं, मी परत बोलवायचे. कधी साठांतल्या दोन बाणांवेळी ते थांबायचं.

सर सुरुवातीला दर रविवारी यायचे. मग त्यांची गुडघेदुखी बळावली आणि महिन्यातून एकदा यायला लागले. उरलेले दिवस मी आणि तो गठ्ठा. बाण मारायचा, चालत जायचं, उपटायचा, परत यायचं. काही दिवस मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक शब्द बोललेली नसायची. कोणी बघत नाही म्हणून बरं वाटायचं, आणि कोणीच बघत नाही म्हणून एकटं वाटायचं, दोन्ही एकाच वेळी.

आत्यालाही हार्टचंच सांगितलेलं होतं. एका सकाळी ती वावरात जाता जाता गोठ्याच्या दारात थांबली. कमरेवर हात ठेवून दहा-बारा बाण बघितले.

"केवढं वजन आहे व त्याचं?"

"ओढताना अठरा किलो लागतात, आत्या."

"हार्टवाली पोरगी अठरा किलो ओढते?" ती आत आली. "खरं सांग. तुले अटॅक-बिटॅक काई आला नाई."

"आला. पण हार्टचा नाही आला."

"मंग कायचा?"

"भेवाचा."

तिने हातातला विळा खाली ठेवला. "भेवाचाबी येते काय?"

मी तिला सगळं सांगितलं. छातीवर बसणं, मुंग्या, मरतेय हे कळणं. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं आता म्हणेल, देवाचं नाव घे, नाहीतर लग्न कर. ती म्हणाली, "तुये काका गेले तवा मले दोन वर्षं असं होये. मले वाटे मीच तशी हावो." आणि विळा उचलून निघाली. दारातून वळून म्हणाली, "भावाले नाई सांगत मी. पण तूच सांग कधीतरी, बाप्पा. किती दिवस लोकायची फळं खाशीन?"

एक चूक

जूनमध्ये मी गोळ्या बंद केल्या. कोणी सांगितलं नव्हतं. बरं वाटत होतं, रात्री शांत झोप लागत होती, दीड महिन्यात मुंग्या आल्या नव्हत्या. आता कशाला, असं वाटलं. शहाणपणा तो. तीन आठवड्यांनी यवतमाळला जाताना एसटीत, उभ्या गर्दीत, मला पुन्हा आला. पहिल्यापेक्षा मोठा. मी दांडीला लटकून होते आणि ओरडता येत नव्हतं.

शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता उठून मला खिडकीशी बसवलं. माझा हात तिने स्वतःच्या मांडीवर घेऊन चोळला, यवतमाळ येईपर्यंत. "होते, होते," एवढंच म्हणत होती. उतरल्यावर मी तिचं नाव विचारायच्या आत ती गर्दीत गेली. मॅडम रागावल्या नाहीत, पण त्यांनी गोळ्यांची पट्टी माझ्या समोर ठेवली आणि म्हणाल्या, "बंद कधी करायच्या ते आपण दोघी मिळून ठरवू." उपदेश करणार नाही म्हटलं होतं, पण एवढं एक सांगते: गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

ऑगस्टमध्ये सरांनी क्लिकर परत लावायला सांगितला. पाच पावलं, डोळे मिटलेले. पहिले अकरा बाण अडकले, मी उतरवले. बाराव्याला मी पाठीत होते, पार पाठीत, आणि कुठूनतरी टक् आलं आणि बाण गेला होता. मी सोडला नव्हता. डोळे उघडले तेव्हा बोटं कानामागे होती, जिथे ती आपोआप जायला हवीत तिथे. गोठ्यात कोणी नव्हतं. आत्या वावरात, सरांचा फोन लागेना. सांगायला कोणी नव्हतं म्हणून मी दुसरा बाण लावला.

टेबल

नोव्हेंबरमध्ये निवड चाचणी आली. सर म्हणाले, नंबर येणार नाही, पण उभी राहा. माझ्यासाठी प्रश्न एवढाच होता: सत्तर मीटरवर, माणसांसमोर, घड्याळ लावलेलं असताना मी पुन्हा बाण मारू शकते की नाही. नाहीच जमलं तर धनुष्य विकायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

आदल्या दिवशी दारव्ह्याला गेले तेव्हा बाबांनी खोलीचं दार लोटून मला पढवलं. "कोणी विचारलं तं गॅस होता म्हणजो. छातीत गॅस अडकला होता. लोकं मानतेत गॅसले."

नोंदणीच्या टेबलावर एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते. माझ्या मागे रांग, बरीचशी लहान मुलं आणि त्यांचे आई-वडील. त्यांनी माझं नाव वाचलं आणि मान वर केली. "तुम्हाले हार्टचा त्रास आहे असं समजलं. फिटनेस पाह्यजे, मॅडम. उद्या काही झालं तं आम्ही कुठं उत्तर देत बसू?"

मी दवाखान्याचा कागद दिला. हृदय निरोगी, असं लिहिलेला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे तं नॉर्मल आहे. मंग आलतं काय तेव्हा?"

गॅस तोंडापर्यंत आला होता, खोटं कशाला बोलू. सर बाजूला उभे होते. छातीवर ते ओळखीचं वजन यायला लागलं. पळायचं नाही, हजर राहायचं. मी श्वास सोडला.

"पॅनिक अटॅक आला होता," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "मनाचा आजार होता. अजून गोळ्या सुरू आहेत."

रांगेतल्या एका आईने आपल्या मुलीला खांद्याला धरून थोडं स्वतःकडे ओढलं. गृहस्थांनी पेन माझ्यापुढे केलं. "बरं. इथं सही करा."

एवढंच. अकरा महिने ज्या वाक्यासाठी आम्ही घर कोंडून घेतलं होतं, त्याला सही करायला लागेल तेवढा वेळ लागला.

लाइनवर माझ्या दोन्ही बाजूंच्या मुली एकमेकींशी बोलत होत्या, माझ्याशी कोणी बोललं नाही. मी पहिला बाण लावला, ओढला, आणि अडकले. दोन मिलिमीटर. पिवळा गोल समोर. मी धनुष्य उतरवलं. या वेळी वाऱ्याकडे बघितलं नाही. सगळ्यांना दिसू दिलं. पुन्हा उचललं. पाय, खांदा, हनुवटी, पाठ. टक्.

बाण निळ्यात लागला, सहा गुण. एके काळी मी अशा बाणावर स्वतःला दिवसभर शिव्या दिल्या असत्या. मी बहात्तरच्या बहात्तर बाण मारले. तीनदा उतरवावं लागलं. निवड चार जणींची होती आणि माझा नंबर अकरावा आला. सर म्हणाले, "जा, पाणी पे," आणि तोंड फिरवून चष्मा पुसत राहिले.

मी मैदानाच्या कडेला निंबाखाली बसले आणि बाबांना फोन लावला. दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत मलाच सांगायचं होतं.

"बाबा, मी सांगून टाकलं."

"काय?"

"हार्ट नव्हतं म्हणून. काय होतं ते सगळं सांगितलं. टेबलावर, सगळ्यांसमोर."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "किती जण होते?"

"असतील वीस-पंचवीस. दारव्ह्याचे पण होते दोघं-तिघं."

"मंग आजच पोहोचते इथं," बाबा म्हणाले. मी वाट बघत होते, रागावतील म्हणून. मला वाटलं फोन कटला.

"बाबा?"

"आहो ना मी." मग त्यांनी मला असं काही विचारलं जे अकरा महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. "भेव वाटते काय व तुले अजून?"

"हो, बाबा. वाटते."

त्यांचा श्वास ऐकू येत होता. फोन त्यांनी तोंडाशी फार जवळ धरला असावा.

"मले तं त्या दिवसापासूनच वाटून राह्यलं," बाबा म्हणाले.